उजवा प्रसाद

दत्ताराम गेल्याला आठ वर्षं झाली, त्या वर्षी आंबेगाळात सिनेमावाले आले.

आंबेगाळ हा डिचोलीहून लाटंबार्शाच्या पुढे आत वळल्यावर लागणारा गाव. चाळीसेक घरं, वर काजूचे डोंगर, खाली भाताची शेतं आणि मधून वाहणारा व्हाळ. अशा गावात दोन ट्रक भरून दिवे आणि वायरी उतरल्यावर व्हायचं तेच झालं. दोन दिवस एकाही घरात चूल वेळेवर पेटली नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या माणसांनी सांगितलं, की गर्दीत उभं राहायला लोक हवेत आणि दुपारचं जेवण मिळेल. मग काय, अंथरुणाला खिळलेली माणसंसुद्धा उठून शाळेच्या मैदानावर हजर झाली.

सिनेमा पुढाऱ्यावरचा होता. गोवा सुटल्यापासून आमच्याकडे पुढाऱ्यांचं पीक बरं येतं, त्यामुळे गावाला विषय समजायला अडचण पडली नाही. सिनेमातला पुढारी लोकांना मागतील ते देतो म्हणतो: रस्ता, साकव, खाणीवर नोकऱ्या. निवडणुकीला उभं राहण्याआधी तो सगळ्या गावादेखत देवाला विचारतो आणि देव हो म्हणतो. देवाला तो हो कसं म्हणायला लावतो, यातच सिनेमाची सगळी गोम होती.

आमच्या भागात देवाला विचारायची रीत अशी. गुरव तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणी छातीवर चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही म्हणाला. याला प्रसाद लावणं म्हणतात. खायच्या प्रसादाशी याचा संबंध नाही, हे शहरातल्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. मुलीचं लग्न अमक्या घरी जमवावं का, म्हैस विकावी का, ऑपरेशन करून घ्यावं का, सगळं देवाला विचारून होतं. डॉक्टरसुद्धा आता विचारतात, प्रसाद झाला का म्हणून.

चंद्रावती हे जन्मल्यापासून बघत आली होती, कारण तिचा बाप कृष्णनाथ हाच रवळनाथाचा गुरव. चाळीस वर्षं प्रसाद त्याच्याच हातून लागत होता. काचबिंदूने डोळे गेले तरी देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांनी दुसरा गुरव शोधला नाही. म्हातारा बोटांनी चाचपून पाकळी अशी जागच्या जागी बसवायचा, की डोळस माणसाने बघत राहावं. चंद्रावती सकाळी तगर काढायची, पाकळ्या निवडायची आणि तबकात उजव्या वेगळ्या, डाव्या वेगळ्या ठेवून त्याच्या हाताशी द्यायची. स्वतः देवाला तिने कधी बोट लावलं नव्हतं. बाईमाणसाने लावायचं नसतं.

विचारायला मात्र बंदी नव्हती. वर्षातून दोनदा, जत्रेच्या आदल्या दिवशी आणि शिगम्यात, ती बापाच्या मागे बसून एकच गोष्ट विचारायची: माझा माणूस परत येईल का? आणि दोन्ही वेळा देव गप्प बसायचा. ना उजवी पडायची, ना डावी. दुसऱ्यांच्या म्हशींचा निकाल घटकाभरात लागायचा आणि हिच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत छातीला धरून सुकून जायच्या. कृष्णनाथ मग त्या हलक्या हाताने काढून घ्यायचा आणि म्हणायचा, देवाला वेळ हवा असेल. ती मान हलवायची. बापाला ते दिसत नसे, पण कळत असे.

तिचा नवरा दत्ताराम हा गोकुळदासबाबांचा माणूस होता. गोकुळदासबाब तेव्हा सरपंच होते आणि व्हाळावर साकव बांधायचं काम त्यांनी आणलं होतं. पलीकडच्या वाड्यावरच्या लोकांना पावसाळ्यात चार मैलांचा वळसा पडायचा, तो वाचणार होता. देखरेखीला दत्ताराम. सरकारी कागदावर साकव पुरा झाला म्हणून सहीसुद्धा दत्तारामचीच. प्रत्यक्षात व्हाळात दोन खांब उभे राहिले आणि त्यावर बगळे बसायला लागले. पणजीहून चौकशीचं पत्र आलं तेव्हा गोकुळदासबाबांनी त्याला बोलावून सांगितलं, चार महिने गोव्याबाहेर राहा, मी निस्तरतो. दत्तारामने पिशवीत दोन जोडी कपडे घातले, दारात बायकोला म्हणाला की काजूच्या दिवसांपर्यंत येतोच, आणि गेला. पहिल्या वर्षी पत्ता नसलेली दोन पत्रं आली. नंतर तीही नाहीत.

लग्नाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. दत्ताराम फार बोलका होता, हीच अडचण होती. घरात शिरल्यापासून त्याचं सुरू व्हायचं: पंचायतीत कोण काय म्हणालं, बसमध्ये कोण कोणाशी भांडलं, डिचोलीच्या बाजारात कुठल्या बाईने बांगड्याच्या भावावरून कोळणीला कसं गप्प केलं. सगळ्यांचे आवाज काढून सांगायचा. चंद्रावती भाकऱ्या थापता थापता हसायची आणि भाकरी करपायची. असा माणूस उठून गेल्यावर घर किती गप्प होतं, हे ज्याच्यावर गुदरलं त्यालाच माहीत. शेजारची सुमन म्हणायची, दाराला कुलूप लाव आणि बापाकडे राहायला जा. ते बोलणं चंद्रावती ऐकून घ्यायची आणि आपल्या घरात परत यायची. कुलूप दिसलं तर तो दारातून मागे फिरेल, अशी तिला भीती होती.

तर सिनेमावाले. त्यांना रवळनाथाच्या खऱ्या देवळातच चित्रण करायचं होतं. महाजनांनी देवाला विचारलं आणि डावी पाकळी लगेच पडली. देवाला सिनेमात काम करायचं नव्हतं. मग शाळेच्या मैदानावर प्लास्टरचा देव उभा राहिला आणि पाकळ्या लावायला जाणतं माणूस हवं, म्हणून ते कृष्णनाथाकडे आले. त्याने हात जोडले. शेवटी चंद्रावतीला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. देव खोटा असला तरी देवाच्या छातीवर पाकळी लावायला मिळणार होती.

पहिल्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेने पाकळ्या भलत्याच वेळी गळायला लागल्या. पुढारी हात जोडतोय न जोडतोय तोच डावी खाली. दिग्दर्शक डोकं धरून बसला. डावीला बाटलीतला गोंद लावून पाहिला, तर तो कॅमेऱ्यात चमकायला लागला. तेव्हा चंद्रावती म्हणाली, काजूच्या झाडाचा डिंक आणते. काजूचा डिंक पाण्यात मऊ करून पाकळीच्या पाठीला लावला की चमकत नाही, आणि वाळला की नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. घरात फुटक्या बरण्या त्याच डिंकाने सांधतात. तेरा वेळा तो प्रसंग घेतला आणि तेरा वेळा उजवी पडली, डावी जागची हलली नाही. दिग्दर्शकाने तिला वाकून नमस्कार केला. ही युक्ती आपण होऊन दिली, हे तिला पुढे पुष्कळदा आठवलं.

गावाची गंमत वेगळीच. त्या नटाने भाषणात व्हाळावर साकव बांधतो म्हटल्याबरोबर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या कधी वाजवायच्या, हे अजून कोणी सांगितलंच नव्हतं. दुपारी तो झाडाखाली जेवायला बसला, तर सुमनचा सासरा आपल्या हाताने लिहिलेला अर्ज घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला: साकव पुरा करून मिळावा. नटाने हात पुसून अर्ज घेतला, सगळा वाचला आणि खिशात ठेवला. खऱ्या पुढाऱ्यांनी एवढंसुद्धा केलं नव्हतं, असं म्हातारा नंतर वर्षभर सांगत होता.

शेवटच्या दिवशी सामान आवरायच्या आधी सगळे चहाला गेले होते. चंद्रावती प्लास्टरच्या देवासमोर एकटी होती. तिने डावीला डिंक लावला, उजवीला नुसतं पाणी, आणि आपला प्रश्न विचारला. उजवी पडली. पडणारच होती, तिनेच तशी लावली होती. तरी तिचे डोळे भरून आले. आठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी येईल म्हणालं होतं. त्या दिवशी घरी जाऊन तिने चणाडाळीचं गोड मणगणें शिजवलं, बापाला वाटीभर नेऊन दिलं, आणि आज काय आहे म्हणून त्याने विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सिनेमा डिचोलीला लागला. गोकुळदासबाबांनी आपला ट्रक दिला आणि अख्खा गाव त्यात उभा राहून गेला. पडद्यावर जो तो आपलं तोंड शोधत होता. कोणाचा कान दिसला, कोणाची छत्री. पुढाऱ्याचं भाषण आलं, साकवाचं वाक्य आलं आणि थिएटरात पुन्हा तोच कडकडाट. शेवटी एक म्हातारी गाभाऱ्यात शिरून डावी पाकळी नखाने खरवडते, डिंक सगळ्यांना दाखवते आणि लोक पुढाऱ्याच्या मागे लागतात, तेव्हा मात्र गाव गप्प झाला. त्याने त्यांचं काय वाईट केलं होतं, असं सुमनचा सासरा परत येताना ट्रकात म्हणाला. गोकुळदासबाब ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी शेवट सोडून बाकी सिनेमा उत्तम असल्याचं सांगितलं.

चतुर्थी झाली, दिवाळी झाली आणि विधानसभेची निवडणूक लागली. सरपंच आता आमदार व्हायला निघाले. त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला जयराम मास्तर शाळेत शिकवणारा माणूस होता आणि प्रत्येक सभेत तो एकच प्रश्न विचारत होता: व्हाळातल्या दोन खांबांवर साकव कुठे आहे? लोक ऐकत होते, ही गोकुळदासबाबांना चिंता. तेव्हा त्यांनी मारुतीच्या पारावर उभं राहून जाहीर केलं, की सिनेमावाल्यांनी आपल्या देवाची बदनामी केली, आपल्या गुरवांच्या इमानावर डाग लावला, तो डाग धुवायला मी रविवारी रवळनाथाला उघड प्रसाद लावतो. देव नाही म्हणाला तर अर्ज मागे घेतो. झालं. साकवाचं नाव त्या दिवसापासून कोणी काढेना. जो तो रविवारची वाट बघायला लागला.

त्याच दुपारी त्यांची जीप चंद्रावतीच्या अंगणात येऊन उभी राहिली. ते सोप्यावर टेकले, पाणी प्यायले, बापाच्या तब्येतीची चौकशी केली. मग ड्रायव्हरला लांब पाठवून त्यांनी आवाज खाली केला. सिनेमात डिंक कोणी दिला होता, ते त्यांना माहीत होतं. तबक कोण मांडतं, तेही माहीत होतं. कृष्णनाथाला यातलं काही कळायचं कारण नाही, असं ते म्हणाले. पुढचं मात्र त्यांना सगळं बोलावंच लागलं नाही.

"तुझो घोव खंय आसा, तां माका म्हायत आसा," ते म्हणाले. "निवडून इलंय की आठ दिसांत तो तुझ्या घराक येतलो. गोकुळदासाचो शब्द."

चंद्रावतीने फक्त एवढंच विचारलं, तो बरा आहे ना. बरा आहे, ते म्हणाले. कुठे आहे, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्याच संध्याकाळी निघाली असती, हे ओळखण्याइतके ते शहाणे होते.

कोणी म्हणेल, तिच्या मनाची ओढाताण झाली असेल. झाली नाही. उगीच खोटं कशाला सांगा. बाप, देव, गाव, जयराम मास्तर, सगळे एका बाजूला आणि दत्ताराम दुसऱ्या बाजूला, असं तिने मनात मांडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोयती घेऊन काजूत गेली. खोडाला आलेला पिवळा डिंक तोडून तिने पदरात बांधला. तिच्या मनात आलं, देव नऊ वर्षं बोलला नाही, तर आता मी बोलले म्हणून त्याला राग यायचं काय कारण?

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गावाने सिनेमा पाहिला होता, युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, तरी कोणाच्या मनात शंका नव्हती. सिनेमातला गुरव लाच खाणारा होता, इथे कृष्णनाथ होता. त्याच्या बोटांवर गावाने चाळीस वर्षं लग्नं ठरवली होती. शिवाय सिनेमातला पुढारी परका होता आणि गोकुळदासबाब आपले होते.

कृष्णनाथाने तबक चाचपलं, उजव्या लावल्या, डाव्या लावल्या. पाकळ्या ओल्याच असतात, त्यामुळे डाव्यांच्या पाठीचा पातळ डिंक त्याच्या बोटांना कळला नाही. गाऱ्हाणं घातलं. चंद्रावती त्याच्या मागे नेहमीच्या जागी हात जोडून बसली होती. उजवी पाकळी लवकर पडली. घंटा वाजली, लोकांनी गोकुळदासबाबांच्या नावाचा गजर केला, बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. कृष्णनाथ रीतीप्रमाणे उरलेल्या पाकळ्या काढायला वळला.

पहिली डावी निघेना. चंद्रावतीला बापाची पाठ दिसत होती. त्याचं बोट पाकळीवर थांबलं, नख खाली गेलं आणि खांदे हळूच खाली आले. त्याने ती पाकळी खरवडून मुठीत घेतली, मग दुसरी, मग तिसरी. तेवढ्यात जयराम मास्तरांच्या बाजूचा एक जण पुढे सरकून म्हणाला, की सिनेमात दाखवलं तसं डावी पाकळी सगळ्यांना दाखवा. गोकुळदासबाबांचा हात गळ्यातल्या उपरण्यावर गेला.

कृष्णनाथ लोकांकडे तोंड करून उभा राहिला. मूठ त्याने छातीशी धरली होती.

"चाळीस वर्षां ह्या हाताक मानल्यात," तो म्हणाला. "आता मूठ उघडून बघूचा आसा तुमका?"

कोणी पुढे आलं नाही. बोलणारा माणूसच मागे सरकला आणि त्याच्या पाठीवर कोणीतरी गुद्दा मारला. चंद्रावती बापाचा दंड धरून त्याला घरी घेऊन गेली. वाटभर त्याने मूठ उघडली नाही. घरी पोचल्यावर तो स्वतः चाचपत न्हाणीत गेला आणि बराच वेळ हात धूत होता. दुसऱ्या दिवशी त्याने महाजनांना निरोप धाडला, की बोटं थरथरतात, देवासाठी दुसरा माणूस बघा. लोक हळहळले. म्हाताऱ्याचा शेवटचा प्रसाद काय दणक्यात झाला, असंही म्हणाले.

गोकुळदासबाब निवडून आले. जयराम मास्तरांना आंबेगाळातून सतरा मतं पडली. चंद्रावतीने घर सारवलं, भिंतींना चुना काढला, दत्तारामचे दोन सदरे उन्हात घातले. बापाला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती, तरी जेवण घेऊन जावंच लागायचं. तो मुकाट्याने जेवायचा. तिला वाटायचं, एकदा दत्ताराम आला की बापाचे पाय धरीन. नऊ वर्षं तिने अशाच एकेक गोष्टी त्याच्या येण्यावर टाकून ठेवल्या होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जीप आली. मागच्या दारातून दत्ताराम उतरला. अंगाने भरला होता, पुढचे केस विरळ झाले होते, पायांत चांगले बूट होते. चंद्रावतीने शंभर वेळा ठरवलं होतं की त्याला बघून रडायचं नाही, आणि खरंच रडू आलं नाही, हातातलं सूप तेवढं खाली पडलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नव्हतं.

तो सोप्यावर बसला, पाहुणा टेकतो तसा कडेला. तिने चहा केला. जेवून जा म्हटलं, तर तो जीपकडे बघून म्हणाला, ड्रायव्हर खोळंबेल. आंब्याचं झाड मोठं झालं, असं म्हणाला. तुझे आबा कसे आहेत, म्हणाला. पूर्वीचा दत्ताराम एवढ्या वेळात डिचोलीचा सगळा बाजार उलगडून मोकळा झाला असता. कप संपला तेव्हा तो कपाकडेच बघत बोलायला लागला. तो बांद्याला होता. गोकुळदासबाबांच्या नातेवाइकाच्या काजूच्या कारखान्यात, पहिल्या वर्षापासून. आंबेगाळपासून दीड तासाची वाट. चौकशी तिसऱ्याच वर्षी बंद झाली होती आणि गोकुळदासबाबांनी ते त्याला त्याच वर्षी कळवलं होतं.

"थंय माका बायल आसा," तो म्हणाला. "दोन पोरां आसत. आज कळवतंय, उद्या कळवतंय करीत दिस गेले. गोकुळदासबाबान सांगल्यान, एकदा जावन ये, म्हणान इलंय."

तिने विचारलं, मुलांची नावं काय. त्याने सांगितली. मग तो उठला, बूट घातले आणि आणखी काही बोलायचं असल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला. तिला वाटलं, आता तो कोणाचा तरी आवाज काढेल आणि हे सगळं थट्टेवारी नेईल. तो म्हणाला, येतो. जीप वळली, लाल धूळ उडाली आणि ती खाली बसेपर्यंत चंद्रावती अंगणात उभी होती.

तिला राग यायला हवा होता. देव बाटवला, आंधळ्या बापाच्या हातून चाळीस वर्षांचं इमान घालवलं, एका चोराला आमदार केलं, ते या अर्ध्या तासासाठी. हे सगळं तिला कळत होतं. पण आत नुसतं एवढंच चाललं होतं, की त्याचा आवाज तसाच राहिलाय. जरा जाड झालाय, पण तसाच आहे.

कृष्णनाथ काठी टेकत आला तेव्हा ती सोप्यावर त्या कपाशेजारी बसली होती. जीपचा आवाज त्याने घरातून ऐकला होता. त्याने काठीने सोपा शोधला आणि तिच्याजवळ बसला.

"इलो?" त्याने विचारलं.

"इलो."

"रवलो?"

राहिला नाही, म्हणून तिने मान हलवली. म्हाताऱ्याला ते कळलं. मग त्याने हात पुढे करून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. ती बोटं मुळीच थरथरत नव्हती.

"माका सांगलं असतंस, चंद्रा," तो म्हणाला, "तर मियांच तो डिंक लायलो असतो."

तेव्हा तिला रडू आलं. बापाच्या मांडीत डोकं खुपसून, लहान मूल रडतं तशी ती रडली, आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. बापाचे पाय धरायचे होते, ते तिने तेव्हाच धरले. आणि रडता रडताही ती रस्त्याकडे कान लावून होती, ती जीप वळून परत येते का म्हणून.